बोटाएवढा मासा आणि त्याची गिऱ्हाइकं

मुलगी हवाईला राहायला गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. आमच्याकडे ओहायोत रात्रीची जेवणं आटोपली की तिचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा दुपार असायची. स्क्रीनवर तिचे केस ओले दिसायचे आणि डोळ्यांभोवती पाण्यात घालायच्या मास्कचा लाल वळ.

"आज काय केलं?" मी विचारायचे.

"मासा बघितला."

"कालचाच?"

"कालचाच."

"दिवसभर?"

"सकाळचे चार तास, आई. आता डेटा एंटर करतेय."

मी आणि माझा नवरा, दोघंही आयटीत. तिनेही कॉलेजात दोन वर्षं कॉम्प्युटर सायन्स केलं आणि मग एका सुट्टीत घरी येऊन, पोळीला तूप लावता लावता सांगितलं की मी बायोलॉजी घेतेय. आम्ही समजूतदारपणे मान डोलावली आणि नंतर दोघंच असताना बरेच दिवस धुसफुसलो. पदवी झाल्यावर तिला बिग आयलंडवरच्या एका छोट्या अभ्यासगटात काम मिळालं. समुद्रातल्या एका खडकापाशी एक मासा राहतो, त्याच्याकडे कोण कोण येतं ते मोजायचं, एवढंच काम. आमच्या इथल्या, ओहायोतल्याच डब्लिन गावच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "सध्या कुठे असते गं मुलगी?" मी म्हटलं, "हवाईला." त्या म्हणाल्या, "अरे वा, व्हेकेशनला का?" मी म्हटलं, "रिसर्च करते," आणि प्रसादाची वाटी पुढे सरकवली. कसला रिसर्च, हे सांगायची वेळ येऊ नये म्हणून.

एकदा फोनवर मी तिला जरा वैतागूनच म्हणाले, "अगं, पण रोज तेच ते काय बघायचं त्यात?"

तिने ओले केस टॉवेलने पुसले. मग म्हणाली, "मला सांगता येत नाही. यू हॅव टू सी इट. तू ये ना."

"मला पोहता कुठे येतं?"

"मग शीक."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. भाजी संपली तर दुसरी कर, इतक्या साधेपणाने म्हटलं होतं. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. नागपुरात वाढलेली मी, समुद्र पहिल्यांदा बघितला तो नोकरी लागल्यावर, आणि तोही चपला हातात धरून, घोट्यापर्यंत. आमच्या घरातली कुठलीच बाई कधी पोहली नव्हती. पुढे अमेरिकेतही घर मिळालं ते ज्या राज्याला समुद्रच नाही अशा ठिकाणी.

नवऱ्याने सुचवलं, "काचेच्या तळाची बोट असते म्हणे. त्यातून बघता येईल."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तरी मी गावातल्या रिक्रिएशन सेंटरमध्ये नाव घातलं. का घातलं, हे तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. मुलगी काय करते याचं उत्तर मला देता येत नव्हतं, ते बहुधा कुठेतरी टोचत होतं.

शिकवायला सत्तरीच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या पीटी टीचर. गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट घालून, टॉवेल घट्ट लपेटून मी पहिल्या दिवशी तलावाच्या कडेला उभी राहिले, तेव्हा शेजारच्या लेनमध्ये चार-चार वर्षांची पोरं धडाधड उड्या मारत होती. बाईंनी मला पाण्यात उताणं झोपवलं, मानेखाली हात धरला आणि म्हणाल्या, "कानांत पाणी जाऊ दे." तेवढं करायला मला तीन आठवडे लागले. कानांत पाणी शिरायला लागलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची, मान ताठ झाली की पाय खाली जायचे आणि मी गटांगळी खायचे. बाई कधी हसल्या नाहीत, कधी चिडल्या नाहीत. पुन्हा हात मानेखाली. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे ढिगारे, आणि आत मी क्लोरीनच्या वासात छताचे पत्रे मोजत तरंगतेय, असा तो सगळा हिवाळा गेला. मार्चपर्यंत मी सलग दोन लेन पोहायला लागले. पोहणं म्हणजे काय, बुडत नव्हते एवढंच.

मे महिन्यात दोन आठवड्यांची सुट्टी काढून मी एकटीच गेले. नवऱ्याच्या प्रोजेक्टचं काहीतरी गो-लाइव्ह होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही एकटीलाच जायचं होतं.

मुलगी विमानतळावर घ्यायला आली. रंगाने इतकी रापलेली की क्षणभर ओळखलीच नाही. गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना मैलोन्मैल काळा दगड पसरलेला, कुठे दोरखंडासारखा वळलेला, कुठे नांगरलेल्या शेतासारखा ढेकळाढेकळांचा. सगळा लाव्हा. आमच्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगडही असाच कधीकाळी वाहत आला, हे शाळेत पाठ केलेलं होतं, पण तो दगड फार म्हातारा. इथला दगड काल-परवाच थिजल्यासारखा दिसत होता. मुलगी म्हणाली, "ही सगळी बेटं समुद्राच्या तळातून अशीच वर आली. कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. सो जे इथे आलं ते वाऱ्याने नाहीतर पाण्यातून. आणि मग इथे राहून राहून वेगळंच झालं."

"तुझा मासा पण?"

"माझा मासा पण. तो या बेटांच्या रांगेतच सापडतो. बाकी जगात कुठेच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळू नव्हतीच. काळ्या खडकाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. मी मास्क लावला, स्नॉर्केलची नळी तोंडात धरली, कमरेला एक तरंगता पट्टा बांधला आणि पाण्यात तोंड घातलं. तलावात तळ दिसायचा, टाइल्स दिसायच्या. इथे खालचा खडक एकदम संपला आणि त्याच्या पलीकडे नुसतं निळं. तेवढ्यात एक लाट नळीवरून गेली आणि घशात खारं पाणी गेलं. मी किंचाळले असेन बहुधा, पण तोंडात नळी होती. हातपाय झाडले. मुलीने मागून दोन्ही काखांत हात घालून मला धरलं आणि खडकाशी आणून बसवलं.

आठ महिने घालवले आणि आठ मिनिटंही टिकले नाही, हे डोक्यात फिरत होतं.

"तू जा," मी म्हणाले. "तुझं काम कर. मी बसते इथे."

ती गेली नाही. शेजारी बसली, माझ्या पायातल्या फिन्स काढल्या, थर्मासमधला चहा ओतून दिला. मग म्हणाली, "मी पहिल्या आठवड्यात पाण्यात ओकले होते. सगळ्यांसमोर."

"सांगितलं नाहीस कधी."

"तू म्हणाली असतीस, परत ये."

मी म्हणालेच असते. चहा संपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्र तलावासारखा सपाट होता. यावेळी तिने मला एकटं सोडलं नाही. माझा उजवा हात तिच्या डाव्या हातात घट्ट धरून ती पोहत राहिली. खडक संपला, निळं आलं, आणि मी रिक्रिएशन सेंटरमधल्या बाईंना आठवून कानांत पाणी जाऊ दिलं. श्वास नळीतून घुर्र-घुर्र आवाज करत येत-जात होता. मग निळ्यातून पुन्हा तळ वर आला. दीड-दोन पुरुष पाणी असेल. पिवळट, करडी प्रवाळं पसरलेली, आणि त्यांच्यामध्ये टेबलाएवढा एक गोलसर खडक. मुलीने माझा हात दाबला आणि बोट दाखवलं.

आधी मला काहीच दिसलं नाही. मग खडकाच्या खाचेसमोर काहीतरी चमकलं. बोटाएवढा एक मासा. तोंडाकडून पिवळा, मधून एक काळा पट्टा शेपटीकडे रुंद होत गेलेला, आणि त्याच्या कडांना असा जांभळा-गुलाबी रंग की आतून दिवा लावल्यासारखा. तो वर-खाली, वर-खाली हिंदकळत होता, नाचल्यासारखा. जवळच त्याच्याच जातीचा आणखी एक, थोडा लहान.

मग मला रांग दिसली. रांगच म्हणावी लागेल. हनुवटीला दोन मिश्या असलेले दहा-बारा पांढुरके मासे खडकाच्या एका बाजूला थांबले होते. त्यातला एक पुढे आला आणि पाण्यात तिरका, डोकं वर करून स्तब्ध उभा राहिला. बघता बघता तो लालसर झाला. पांढरा मासा माझ्या डोळ्यांसमोर अंगभर लाल झाला. छोटा मासा त्याच्या अंगावरून फिरायला लागला. कल्ल्यापाशी टिपलं, पंखापाशी टिपलं, डोळ्याच्या अगदी कडेशी टिपलं. मोठा मासा हलला नाही. त्याने कल्ला उघडून धरला आणि छोटा आत शिरला, नुसती शेपटी बाहेर.

मी मुलीकडे बघितलं. तिचं लक्ष माशाकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर जे आलं ते मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय आणि दर वेळी सांगताना आवाज खाली जातो. खडकाच्या मागून सापासारखी लांब एक वाम बाहेर आली. माझ्या दंडाएवढी जाड, अंगावर ठिपके, जबडा अर्धवट उघडा आणि त्यात काचेच्या सुयांसारखे दात. आजूबाजूचे बारके मासे झटकन बाजूला झाले. आमचा बोटाएवढा मासा मात्र सरळ तिच्याकडे गेला. वामीने जबडा पूर्ण उघडला. आणि तो आत गेला. दातांच्या रांगेला समांतर, शांतपणे टिपत टिपत, जिभेपर्यंत. वाम तोंड उघडं ठेवून थांबली. एकदा तिने जबडा किंचितसा मिटल्यासारखा केला आणि लगेच उघडला, त्याला बाहेर यायची वेळ झाल्याचं कळावं तसा. तो बाहेर आला आणि दुसऱ्या माशाकडे वळला.

पाण्यात रडलं तर मास्कमध्ये पाणी साठतं, हे मला त्या दिवशी कळलं.

खडकावर परत आल्यावर मला किती बोलू असं झालं होतं. "ती त्याला खात कशी नाही? त्याला भीती कशी वाटत नाही? तो दुसरा लाल का झाला?"

"पॅरासाइट्स नीट दिसावेत म्हणून असेल," मुलगी म्हणाली. "नक्की कोणालाच माहीत नाही. अंगावरचे बारीक किडे खातो हा. तेच याचं जेवण. म्हणून तर लोक याला नेऊन काचेच्या टाकीत ठेवतात ना, तेव्हा उपाशी मरतो बिचारा. याचं अन्न दुसऱ्यांच्या अंगावर असतं." मग हसून म्हणाली, "तसा तुझाच जॉब आहे, आई. बग शोधायचे."

वीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. माझ्या कामाची कुणी इतकी चांगली तुलना केली नव्हती.

त्यानंतर आम्ही रोज गेलो. तिच्याकडे पाण्याखाली लिहायची प्लास्टिकची पाटी असायची, दोरीला पेन्सिल बांधलेली. अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या मुलीने शाळेत कधी पाटी बघितली नव्हती आणि आता तिचं सगळं शिक्षण पाटीवर चाललं होतं. चौथ्या दिवशी तिने मलाही एक दिली. "जे येऊन थांबतात आणि नंबर न लागताच निघून जातात, ते तू मोज." मी मोजले. पाण्यात तोंड घालून, पोट समुद्राला टेकवून, एका एका माशासाठी एक एक रेघ. हळूहळू मला त्यांच्या सवयी कळायला लागल्या. पोपटासारखी चोच असलेला एक निळा-हिरवा मासा रोज आठच्या सुमाराला यायचा आणि शेपटीवर उभा राहिल्यासारखा टांगून घ्यायचा. कधी कधी छोटा मासा लबाडी करायचा, किड्याऐवजी अंगावरचा चिकट थरच ओरबाडायचा. मोठा मासा दचकून अंग झटकायचा. मग छोटा घाईघाईने त्याच्या पाठीवर पंख फिरवत बसायचा, समजूत काढल्यासारखा. नळी तोंडात धरून हसता येत नाही, तरी मी हसायचे.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खडकापाशी छोटे मासे नव्हते. एकही नव्हता.

मुलीने खडकाभोवती दोन फेऱ्या मारल्या. खाली बुडी मारून खाचेत बघितलं. वर आली, पुन्हा खाली गेली. मी वरच तरंगत राहिले. मिशीवाले मासे आले. एक पुढे झाला, डोकं वर करून उभा राहिला आणि लाल झाला. कोणी आलं नाही. तो तसाच उभा होता. बऱ्याच वेळाने त्याचा रंग उतरला आणि तो गेला. त्याच्या मागून दुसरा आला. आठ वाजता चोचवाला आला, टांगून घेतलं, थांबला. त्या सकाळी मी मारलेल्या सगळ्या रेघा तसंच परत गेलेल्यांच्या होत्या.

गाडीपाशी आल्यावर मुलगी टॉवेलमध्ये तोंड घालून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कुणी खाल्लं असेल का?" मी विचारलं.

"असेल. किंवा कुणी जाळ्यात धरून नेले असतील. किंवा म्हातारे झाले असतील. आपल्याला कधीच कळणार नाही." मग नाक ओढत म्हणाली, "वर्षभर रोज बघितलं, यार."

"दुसरा आणून नाही सोडता येणार?"

"नाही. आपण फक्त बघायचं."

"मग आता तू काय करणार?"

"उद्या येणार," ती म्हणाली. "कोणी नाही हेही लिहावं लागतं ना."

मी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि लहानपणी पुसायचे तसे तिचे केस पुसले. तिने पुसू दिले.

ओहायोला परत आल्यावर आमच्या फोनवरचं बोलणं बदललं. आता नवराही चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसायचा.

"आज आलं का कोणी?" मी विचारायचे.

"छोटा नाही. गिऱ्हाइकं आली, पण कमी."

"चोचवाला?"

"आला. थांबला. गेला."

असं नऊ-दहा आठवडे चाललं. मला वाटायचं, मासे एव्हाना विसरतील. पण रोज कोणी ना कोणी येऊन त्या रिकाम्या खडकापाशी थांबतंय, हे ऐकून अंगावर काटा यायचा. गणपतीत मी ज्या काकूंना टाळलं होतं, त्यांना एका शनिवारी दुकानात भाजी निवडताना मी हे सगळं सांगत उभी राहिले. त्यांच्या हातातली भेंडी हातातच राहिली. त्या म्हणाल्या, "मग? पुढे?" मी म्हटलं, "पुढचं अजून माहीत नाही."

पुढचं ऑगस्टमध्ये कळलं. ऑफिसात दुपारच्या मीटिंगला पाच मिनिटं होती आणि मुलीचा व्हिडिओ आला. खाली एवढंच लिहिलेलं, "आई, बघ."

खडक तोच. खाचेसमोर काळ्या दोऱ्याचा तुकडा असावा असं काहीतरी. मी व्हिडिओ मोठा केला. नखाएवढा एक मासा, पूर्ण काळा, पाठीवरून जांभळी रेघ ओढलेली. तो वर-खाली हिंदकळत होता. त्याच्यापुढे मिशीवाला उभा होता, लाल, कल्ला उघडा ठेवून.

मी लगेच फोन लावला. "हे त्यांचं पिल्लू का गं?"

"नाही बहुतेक. पिल्लं अंड्यातून निघाली की मोकळ्या समुद्रात वाहत जातात, कितीतरी आठवडे. मग जिथे खडक सापडेल तिथे उतरतात. हा कुठून आलाय देव जाणे. लहान असताना असेच काळे असतात, मग रंग येतो."

"म्हणजे याने मोठ्यांना हे काम करताना बघितलंच नाही?"

"कुठे बघणार? इथे कोणीच नव्हतं. मंगळवारी आला, बुधवारी कामाला लागला."

"आणि यांना कसं कळलं, की याच्यापुढे थांबायचं?"

"आई," ती म्हणाली, "दॅट इज माय होल जॉब." आणि मग, "मी अजून एक वर्ष राहतेय इथे. बाबाला तू सांग."

"सांगते," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी व्हिडिओ पुन्हा लावला. नखाएवढा तो जीव त्या लाल माशाच्या डोळ्याकडे निघाला होता आणि माशाने डोळासुद्धा हलवला नाही. शेवटपर्यंत बघितलं. मीटिंगला उशीर झाला, पण उशीर का झाला हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.